चारशे दाण्यांची उसळ

"शेकडा नव्वदाच्या खाली उगवण आली, तर ही मिशी उतरवीन!" कृपादानने भर वर्गात छाती ठोकून सांगितलं.

सोनईजवळच्या वाडीतल्या शेतकऱ्यांनी आपणच चालवलेला हा शेतीवर्ग. सन चव्वेचाळीसची रब्बी तोंडावर आली होती. ज्याचं हरभऱ्याचं बी परीक्षेत उतरेल, तेच सगळी वाडी पेरणार होती. कृपादानने चारशे दाणे तीनदा मोजले, ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीमागे उबेला ठेवले. बायकोला, रंगुबाईला, सांगितलं मात्र नाही. तिला त्यातलं काय कळतंय!

तिसऱ्या दिवशी मोड मोजायला शेतकी खात्याचे साहेब सायकलवरून आले. रंगुबाईने आधी ताट वाढलं. साहेब उसळीवर तुटून पडले. कृपादान पुरचुंडी आणायला आत गेला, तर फडकं दोरीवर वाळत होतं!

"अगं, ह्यातलं हरभरं?"

"साहेबांच्या ताटात! मला वाटलं, पावन्यासाठीच भिजवलंय तुमी!"

"ती परीक्षा हुती!"

"मग पास झाली की! दुसऱ्यांदा मागितलीया त्यांनी!"

कृपादान धावतच बाहेर आला. "साहेब, चावू नका! मोजायचं हाय!"

साहेबांचा घास हातातच राहिला. "काय मोजायचं?"

"तुमचं जेवान!"

सगळा उलगडा झाला तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. "अहो, तुमची उगवण माझ्या पोटात गेली! आता आकडा काय लिहू?"

दारात जमलेला वर्ग खो खो हसू लागला. वाडीचा न्हावी श्रीमंत तर वस्तरा घेऊनच आला होता! कृपादानने मिशीवर हात ठेवून मनातल्या मनात प्रभूचा धावा सुरू केला.

तेवढ्यात रंगुबाईने एक वाटी साहेबांपुढे ठेवली. "मोड न आलेलं गनंग वेचून ठिवल्यात. ते शिजत न्हाईत. पावन्याचा दात पडायचा!"

साहेबांनी मोजले. अठ्ठावीस! "चारशेतून अठ्ठावीस गेले... शेकडा त्र्याण्णव! बी पास!" श्रीमंतने हिरमुसून वस्तरा मिटला.

"बाई, पुढच्या शनिवारी वर्ग तुम्हीच घ्या," साहेब म्हणाले.

कृपादान ऐटीत साहेबांना खेटून बसला. "घेईल की! तिला शिकवलंय कुनी? म्याच!"

"साहेब, तेवढा आकडा दुरुस्त करा," रंगुबाई म्हणाली. "गनंग एकोनतीस लिवा. वाटीत अठ्ठावीस हायेत, एक तुमच्या शेजारी बसलाय!"