‘लवकर ये’, सगळं जोडून

शुक्रवारी संध्याकाळी त्याने अख्ख्या हॉलसमोर छाती फुगवून सांगितलं, "सोमवारपासून कुणीही कुठल्याही टेबलावर बसा! आपलं नाव टाका, पासवर्ड टाका, की आपलं सगळं काम समोर हजर! झालंच समजा!"

"झालंच समजा" हे त्याचं, ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याचं, पालुपद. प्रिंटर अडला, झालंच समजा. पडदा काळा झाला, झालंच समजा. त्यामुळे ऑफिसात त्याचं खरं नाव सगळे विसरले होते आणि त्याला ‘झालंच’ म्हणत होते. "झालंचना बोलवा", "झालंच जेवायला गेलेत का?" तोही ओ देत असे.

हे ऑफिस कपडे शिवत नव्हतं, कपड्यांचे नमुने काढत होतं. बाही केवढी, गळा केवढा, सगळं कॉम्प्युटरवर आखायचं, प्लॉटर नावाच्या यंत्राने मोठ्या कागदावर छापायचं आणि शिलाईच्या कारखान्यात धाडायचं. आखायच्या सॉफ्टवेअरचं खरं नाव लांबलचक होतं. पण ते उघडताना पडद्यावर कात्रीचं चित्र येई, म्हणून सगळे त्याला ‘कात्री’च म्हणत. अशी नऊ मशिनं. झालंचने त्या नऊंवरची सगळ्यांची खाती उचलली आणि जिन्याखालच्या खोलीतल्या सर्व्हरवर नेऊन ठेवली. नंतर एकेका मशीनवर स्वतःच्या नावाने शिरून तपासलंही. नऊच्या नऊ ठिकाणी कात्री लोण्यासारखी चालली. शीळ घालत घरी गेला.

शीळ घालायचं कारण मात्र वेगळं होतं. सोमवारी त्याची बायको येणार होती.

येणार म्हणजे काय, जाणार होती. ती हवामान केंद्रात होती, पाच तासांवरच्या गावी. पाऊस किती पडला, वारा कुठून आला, हे वहीत मांडायचं काम. बदलीला चौदा महिने झाले होते. आता तिला तिथून आणखी लांब, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, आणि तिची गाडी याच स्टेशनावर इंजिन बदलायला थांबणार होती. एक दहा ते एक पन्नास. चाळीस मिनिटं! त्यांनी ठरवलं होतं की तीन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, पाण्याच्या नळासमोरच्या बाकावर बसून डबा खायचा. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने इतक्या बारकाईने कुठलाच बेत केला नव्हता. सोमवारी पहाटे उठून त्याने शर्टाला दोनदा इस्त्री केली. दुसऱ्या खेपेला कॉलर जरा करपली, पण ते असो.

साडेनऊला ऑफिसात पाऊल टाकलं तर कटिंग मास्टर दारातच उभे. साठीला टेकलेला माणूस, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप.

"झालंच, कात्री मिटते हो!"

"मिटते म्हणजे?"

"म्हणजे उघडते आणि मिटते. डोळा मारल्यासारखी!"

"तुमची एकट्याची?"

"नऊच्या नऊ डोळा मारतायत!"

तेवढ्यात मॅडम आल्या. ऑफिस त्यांचं, आवाजही त्यांचाच. "दवाखान्याच्या कोटांचे नमुने एक वाजता कारखान्यात पोचले पाहिजेत. तिथे चाळीस माणसं कापड पसरून बसलीत. किती वेळ लागेल?"

"झालंच समजा!" झालंच म्हणाला.

त्याने मास्टरांच्या मशीनवर आपल्या नावाने शिरून पाहिलं. कात्री मस्त चालली. "हे बघा! चालतेय की! मास्टर, तुमचा हात जड पडतोय."

मास्टरांनी आपल्या नावाने शिरून एका बोटाने, फुलाला हात लावावा तसं बटण दाबलं. कात्री उघडली. कात्री मिटली.

"आता काय, फुंकर मारू?" मास्टर म्हणाले.

मग झालंच कामाला लागला. वायर बदलली. मशिनं बंद करून चालू केली. कात्री काढून टाकली आणि पुन्हा घातली, नऊ ठिकाणी, ओळीने. त्यात साडेअकरा वाजले. प्रत्येक वेळी तेच! त्याच्या नावाने शिरलं की कात्री गुणी बाळ, इतरांच्या नावाने शिरलं की हट्टी कार्टं. हॉलमधल्या बाया आता आपसात बोलू लागल्या की कात्रीला त्याचा लळा लागलाय.

मॅडमनी निकाल दिला. "तुमच्या खात्यात चालते ना? मग सगळ्यांना तुमच्याच खात्यात घ्या!"

"मॅडम, पासवर्ड…"

"सांगा की! कोट आधी, पासवर्ड नंतर!"

झालंचचा चेहरा पडला. पण घड्याळ धावत होतं. हॉलच्या त्या टोकाला मास्टर बोट उगारून बसले होते. तो इकडून पुटपुटला, "लवकर ये."

"आँ?" मास्टरांना जरा कमी ऐकू येई.

"लवकर ये!"

मास्टर लगबगीने उठले, टेबलांमधून वाट काढत येऊन उभे राहिले. "आलो. आता सांगा पासवर्ड."

"तोच पासवर्ड आहे!"

"कुठला?"

"लवकर ये!"

"अहो, आलोय ना मी! आणखी किती लवकर येऊ?"

"मास्टर," झालंच शेवटी किंचाळला, "लवकर ये, हा पासवर्ड आहे! सगळं जोडून! मध्ये जागा न सोडता!"

प्लॉटरचा पंखा तेवढा घरघरत होता. मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्याच्या करपलेल्या कॉलरकडे पाहिलं, आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "वहिनी येतायत का?"

"येत नाहीत. स्टेशनावरून जातायत," झालंच म्हणाला. "एक दहाला."

नऊ जणांनी माना खाली घालून ‘लवकर ये’ टाइप केलं, सगळं जोडून. ते ऐकताना त्याला कसंसंच झालं. चौदा महिने रोज सकाळी हे एकट्याने टाइप करणं निराळं, आणि नऊ जणांची बोटं तेच बडवताना ऐकणं निराळं.

कात्र्या उघडल्या. जयजयकार झाला. आणि लगेच मास्टर ओरडले, "कात्री आली हो, पण माझं काम कुठाय?"

खरंच! खातं त्याचं, तर फायलीही त्याच्याच. बाकीच्यांच्या सगळ्या आपापल्या खात्यात, जिन्याखाली. त्याने घाईघाईने नऊ जणांच्या फायलींच्या नकला काढून एका फोल्डरमध्ये ओतल्या. आता हे ऑफिस असं, की प्रत्येकाच्या फाइलचं नाव एकच, ‘बाही नवीन शेवटची’! एकीवर दुसरी बसली, दुसरीवर तिसरी. मास्टरांनी छापायची आज्ञा दिली, प्लॉटरने भलामोठा कागद बाहेर टाकला, मास्टरांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला. कोट डॉक्टरचा आणि बाही दीड वर्षाच्या बाळाच्या झबल्याची!

"हा डॉक्टर तपासणार कशाने?" मास्टर म्हणाले. "खांद्याने?"

साडेबारा वाजले होते. झालंच जिन्याखालच्या खोलीत गेला, दार लोटलं आणि सर्व्हरशेजारी बसून बायकोला फोन लावला. फोनची बॅटरी आचके देत होती, म्हणून तो तिथेच चार्जरला लावून बोलू लागला.

"अगं, मला जमेल असं वाटत नाही."

पलीकडे गाडीचा खडखडाट. मग ती म्हणाली, "झालं तरी काय?"

त्याने सगळं सांगितलं. पासवर्डचं सोडून.

"तुमच्या नावाने चालते?"

"लोण्यासारखी!"

"तुमचं खातं राहतं कुठे?"

"त्या त्या मशीनमध्येच. दुरुस्तीला लागतं म्हणून मी माझं हलवलंच नाही."

"आणि त्यांचं?"

"इथे, जिन्याखाली. माझ्यासमोर."

"म्हणजे काम एकीकडे आणि घर एकीकडे," ती म्हणाली. "मग टिकेल कशी बिचारी? सारखं आपलं जा आणि ये, जा आणि ये."

तो हसला. तिला हसू येईल याची वाट पाहिली. ते आलं नाही.

"बरं. ठेवते," ती म्हणाली.

तिचं ते ‘बरं’ त्याला एकोणीस वर्षं ओळखीचं होतं. रागाचं ‘बरं’ वेगळं, कामात असतानाचं वेगळं. हे तिसरंच होतं. निघताना दाराशी, बॅग उचलताना म्हणायची ते. तो तसाच बसून राहिला. सर्व्हरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, जरा जास्तच वेगाने. जा आणि ये. जा आणि ये. आणि मिनिटभराने तो ताडकन उठला तो वरच्या फळीवर डोकं आपटूनच!

कात्री काम करताना दर क्षणाला एक कच्ची नोंद लिहीत असे, आणि ती लिहायची जागा म्हणजे ज्याचं त्याचं खातं. मशीनमध्ये खातं असताना ती हाताशी होती. आता ती नोंद दर क्षणाला वायरीतून जिन्याखाली धावत होती, वेळेत पोचत नव्हती, आणि कात्री हाय खाऊन मिटत होती. नोंदीला मशीनमध्येच बसवायचं, बाकी सगळं राहू द्यायचं! एका ओळीचा बदल!

तो हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि ती ओळ मोठ्याने सांगितली. पुन्हा सांगितली. मास्टरांसाठी तिसऱ्यांदा सांगितली. नऊ जणांनी आपापल्या खात्यात ती लिहिली. कात्री उघडली. सगळ्यांनी श्वास रोखला. कात्री उघडीच राहिली! मूळ फायली सर्व्हरवर सुखरूप होत्या, डॉक्टरची बाही डॉक्टरला मिळाली. मॅडमनी कारखान्याला फोन करून अर्धा तास मागून घेतला, आणि फोन खाली ठेवून झालंचवर ओरडल्या, "तुम्ही अजून इथे काय करताय? पळा!"

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. रस्त्यावर मास्टर टॅक्सीसमोर आडवे उभे होते, टेप दोन्ही हातांत ताणून. टॅक्सीत बसल्यावर झालंचला वाटलं, फोन करून सांगावं का? छे! सांगायचं कशाला, एकदम समोर जाऊन उभं राहायचं! तशीही खिशात फोन नव्हता. तो जिन्याखाली चार्ज होत होता.

एक पंचवीस. तीन नंबरचा प्लॅटफॉर्म. गाडी उभी. बाक रिकामा. तो तिच्या डब्यात शिरला. खिडकीपाशी तिची बॅग होती, तिची शाल होती, ती नव्हती.

"त्या होय?" समोरच्या आजीबाई म्हणाल्या. "त्या गाडी थांबल्या थांबल्या उतरल्या. यजमानांना यायला जमत नाही म्हणाल्या, तर मीच जाऊन येते."

परत जावं? आणि वाटेत पुन्हा चुकामूक झाली तर? थांबावं? तो फाटकापर्यंत धावला, बाकापर्यंत परत आला, पुन्हा फाटकाकडे गेला. हमालाने दोनदा विचारलं, सामान कुठाय. एक पस्तीस. एक चाळीस. नवं इंजिन येऊन धाडकन जोडलं गेलं, तो धक्का त्याला छातीत बसला.

एक सेहेचाळीसला ती पुलाच्या जिन्यावरून उतरताना दिसली. चप्पल हातात, केस सुटलेले, धापा टाकत!

"अहो, मी तुमच्या ऑफिसात!"

"आणि मी इथे!"

"मी फोन केला. तर तुमचा फोन जिन्याखाली वाजला, आणि मास्टरांनी उचलला. म्हणाले, ते स्टेशनावर गेले. म्हटलं, मी तर तुमच्या दारात उभी आहे!"

चार मिनिटं उरली होती. तिला सांगायच्या अकरा गोष्टी त्याने मनात ओळीने लावून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. तो म्हणाला, "कात्री चालू झाली."

"पाहिली. मास्टरांनी मला तीनदा उघडून दाखवली." तिने रुमालाने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. फळी लागली होती तिथे टेंगूळ आलं होतं, तिथे तिचा हात जरा थांबला. "तुम्ही विसरलेला डबा टेबलावरच होता. तिथेच दोन घास खाल्ले, बाकीचा घेऊन आलेय. हा तुमचा निम्मा."

"तू घेऊन जा."

"तुम्ही उपाशी आहात."

"तू घेऊन जा गं."

शिट्टी झाली. ती पायरीवर चढली, आणि दारातून वाकून म्हणाली, "पासवर्ड बदलू नका हं."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मास्टर! त्याने तोंड उघडेपर्यंत गाडी हलली होती. तो दहा-पंधरा पावलं बरोबर चालला, मग प्लॅटफॉर्म संपला.

ऑफिसात परतला तेव्हा नमुने गेले होते. मास्टरांनी न मागता चहाचा कप आणून ठेवला आणि डोळे चुकवत निघून गेले. झालंच आपल्या खुर्चीत बसला आणि ठाण्णकन आवाज झाला! दोन्ही गुडघे टेबलाखाली आपटले, चहा सांडला, सगळा हॉल वळून पाहू लागला.

खुर्ची वर गेली होती. बायको बुटकी. तिचे हात टेबलाला पुरत नव्हते, म्हणून तिने बसताना खुर्ची वर करून घेतली होती. फार तर पाच मिनिटांसाठी.

"खालचा दांडा ओढा," मास्टर लांबून म्हणाले. "आपोआप खाली येते."

"माहितीय," तो म्हणाला. खुर्च्या दुरुस्त करणंही त्याच्याचकडे होतं.

त्याने दांड्याला हात लावला नाही. गुडघे दोन्हीकडे फाकवून, बेडकासारखा, तो सहा वाजेपर्यंत तसाच काम करत राहिला. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "अहो, पाठ धरेल!"

"नाही धरत," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी पाठ अशी धरली, की बिछान्यातून उठवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं!