हंसाबाय कुणाचं चांगलं बोलत नाही

हंसाबायने पापलेटाला शिव्या घालायला सुरुवात केली, की आमच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून ताटल्या घेऊन बाहेर येतात.

"काय नाय बाय आज. नुसते काटे. डोळे बघा मेल्याचे कसे झालेत." डोळे काचेसारखे चकचकीत असतात, कल्ले लालभडक. ती जितकी जास्त नावं ठेवील तितका मासा ताजा, हे डहाणूतल्या तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. सुरमईला तिने एकदा "हिच्यापेक्षा दुधी खा" म्हटलं, तेव्हा आमच्या दारात दोन शेजारणींची जुंपली होती.

नातवंडांनो, तुमच्या आईवडिलांना हंसाबाय माहीत आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून नीट सांगते. ती चिंचणीची. सकाळी रिक्षातून टोपली घेऊन येते आणि सव्वाआठला माझ्या फाटकाशी असते. अंगाने किरकोळ, आवाज मात्र समुद्रावरून हाक मारायला घडवलेला. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला ती "मास्तरीणबाय" म्हणते.

नव्याने आलेल्या माणसाची तिच्यापुढे पंचाईत होते. बँकेच्या एका साहेबांची बदली इथे झाली. त्यांच्या पत्नीला हंसाबाय म्हणाली, "आज कोळंबी फसक्लास." बाईंनी आनंदाने किलोभर घेतली. दुपारपर्यंत त्या कोळंबीचा वास चार घरं ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आला. दुसऱ्या दिवशी त्या भांडायला उभ्या राहिल्या, तर हंसाबायलाच वाईट वाटलं.

"मी तर आधीच सांगितलं होतं, बाय. फसक्लास हाय म्हणून."

मला कुठल्याही गोष्टीमागचा नियम कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी तिला विचारलं. ती टोपली खाली ठेवून आवाज उतरवून म्हणाली, "चांगल्याला चांगलं म्हटलं की समुद्र ऐकतो. ऐकला की परत मागतो. त्याचंच असतं ना सगळं."

तिच्या घरात हा नियम सर्वांना लागू. नवरा वेरावळच्या बोटीवर खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने तिकडेच. एकदा त्याने पगार वाढल्याचं फोनवर सांगितलं. ती "अरेरे" म्हणाली आणि तो समाधानाने फोन ठेवून झोपला. तुमचे आईवडील परदेशी गेले तेव्हा तिने मला विचारलं, "दोघंही गेली वाया?" मी दोन दिवस तिच्याकडून मासे घेतले नाहीत. मग लक्षात आलं, ते अभिनंदन होतं.

तिच्या मुलीची, मनीषाची, ओळख मला अशीच झाली. "पोर कामाची नाय. भाकरी करपवते. आरशात बघून बडबडते. म्हशीला उत्तरं देते." हे मी काही वर्षं ऐकत होते. इतकी नालस्ती हंसाबायने कुठल्याही माशाची केली नव्हती. मुलगी पाहिलीच पाहिजे, असं मला वाटू लागलं.

तो योग तलासरीला आला. तिथे कॉलेजच्या मुलांची एकांकिका स्पर्धा होती आणि परीक्षकांत माझी वर्णी लागली होती. निवृत्त शिक्षिकेला नाटकापासून रांगोळीपर्यंत कशाचंही परीक्षक करतात. एका नाटकात दम्याने खोकणारा म्हातारा होता. तो असा खोकला, की पुढच्या रांगेतली एक बाई उठली आणि पाण्याची बाटली घेऊन थेट रंगमंचावर गेली. म्हाताऱ्याने बाटली घेतली, दोन घोट प्यायला, "जगलो गं बाय" म्हणाला आणि पुढचं वाक्य उचललं. तो म्हातारा म्हणजे मनीषा, बारावीतली. पहिलं बक्षीस देताना आम्हा तिघा परीक्षकांत चर्चासुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हंसाबायला हे सांगितलं. तिने घाईघाईने माझ्या तोंडाकडे हात केला. "हळू बोला. सगळ्यांचा वेळ खाल्ला म्हणा."

सोळा सालच्या उन्हाळ्यात ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत पुण्याच्या एका नाटक शिकवणाऱ्या कॉलेजचा अर्ज होता आणि त्याला बोंबलाचा वास येत होता. मनीषाला तिथे जायचं होतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आधी निवडचाचणी. फी हंसाबायच्या आवाक्याबाहेरची. पण पालकांची मुलाखत घेऊन काही मुलांना ती माफ करत. माफी मिळाली तर जाणं, नाही तर तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगचं काम तयारच होतं. मनीषाने तसं आईला स्वतःहून सांगितलं होतं.

अर्ज मी भरला. फोटो चिकटवायची वेळ आली तेव्हा हंसाबायने पिशवीतून जो काढला, त्यात मनीषाचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं होतं.

"याहून बरा नाही का?"

"हाय ना. तो चांगला आलाय, म्हणून घरी ठेवला."

तो चांगला फोटो मागवून घ्यायला मला एक दिवस लागला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मे महिन्यात आम्ही तिघी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. मनीषाचा बाप अजून बोटीवर होता, म्हणून पालक म्हणून आई आणि आईला सोबत म्हणून मी. हंसाबायने नवं लुगडं नेसलं होतं आणि परीक्षकांसाठी सुक्या बोंबलाचा पुडा घेतला होता. तो मी घाटापाशी माझ्या पिशवीत काढून ठेवला, कारण ड्रायव्हर दोनदा मागे वळून पाहत होता.

चाचणी बंद दारामागे झाली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. एकदा आतून हसण्याचा मोठा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मनीषा बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता. "झालं," एवढंच म्हणाली आणि नळावर पाणी प्यायला गेली.

मग पालकांना एकेक करून बोलावलं. हंसाबाय दहा मिनिटांनी बाहेर आली ती चांगली खुशीत.

"झ्याक झालं, मास्तरीणबाय. मी एक शब्द चांगला नाय बोलले."

मी विचारलं, "काय बोललात?"

"त्या चष्मेवाल्या सरांनी विचारलं, मुलगी कशी आहे. म्हटलं, बिनकामाची. आवाज घोगरा, उंची नाय, डोक्यात नुसतं वारं. विचारलं, तीन वर्षं टिकेल का. म्हटलं, तीन दिवस नाय टिकायची. मग म्हणाले, म्हणजे तुम्हाला तिला पाठवायचं नाही का? म्हटलं, पाठवून कशाला तुमचं चांगलं कॉलेज नासवू?"

"मग त्यांनी काय केलं?"

"कायतरी लिहिलं. भले दिसले. मानसुद्धा हलवली."

नळाजवळून मनीषा हे ऐकत होती. ती आईवर रागावली नाही. खांबाला टेकून खाली बसली, आणि मग हळूच म्हणाली, "आये, ते चिंचणीचे नायत गं."

हंसाबायचा चेहरा उतरत गेला. गिऱ्हाईक आपलं बोलणं जसंच्या तसं घेईल, हे बँकेच्या बाईंच्या वेळी तिला कळलं नव्हतं, आता कळलं. पण नुसतं दुसऱ्यांदा आत जाऊन भागणार नव्हतं. तिला आत मुलीचं चांगलं बोलावं लागणार होतं, मोठ्याने, परक्या माणसांसमोर. जन्मात न केलेली गोष्ट. ती मला म्हणाली, "तुम्ही बोला ना."

"मी तिची आई नाही," मी म्हटलं.

मी दार ढकललं आणि सरांकडे पाच मिनिटं मागितली. आत तिघं होते. चष्मेवाले सर, एक उंच गृहस्थ आणि एक तरुण बाई. हंसाबाय खुर्चीवर बसली नाही. तिने आधी खिडकीकडे पाहिलं.

"सर, इथनं समुद्र किती लांब?"

सरांनी चष्मा कपाळावर केला. "समुद्र? शंभर-सव्वाशे किलोमीटर असेल. मध्ये घाट आहे."

"अख्खा घाट?"

"अख्खा."

"मग चालंल," हंसाबाय म्हणाली. "तरी खिडकी लावा."

त्या तरुण बाईने काही न विचारता उठून खिडकी लावली.

"पोरगी चांगली हाय." एवढं बोलून हंसाबाय थांबली, छपरातून काही पडतंय का ते पाहावं तशी. काही पडलं नाही. "लय चांगली हाय, सर. तिचा बाप सणालासुद्धा बोटीवर. घरात आम्ही दोघीच. ताटं वाढायची आन गप बसायचं. तर ही बापाच्या पाटावर बसते आन त्याच्या आवाजात बोलते, 'हंसा, कालवणात मीठ कमी हाय गं.' तसंच नाक ओढून. मी मीठ आणायला उठते. ठाऊक असतं ही पोर हाय, तरी उठते."

हंसाबाय बोलत राहिली. मनीषा पाठांतर करते तेव्हा ऐकू यावं म्हणून आई पंखा बंद करते. तलासरीच्या नाटकातली मनीषाची सगळी वाक्यं आईला पाठ आहेत. नाटक पाहायला ती आली नव्हती असं मला वाटत होतं. ती मंडपाबाहेर उभी राहून ऐकत होती.

"ही गेली म्हणजे माझ्या घरातनं दोघं जातील," ती शेवटी म्हणाली. "तरी न्या तिला."

सरांनी समोरचा कागद ओढला, लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. मग विचारलं, "हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी समुद्राचं विचारायचं राहिलं."

बोंबलाचा पुडा मी टेबलावर ठेवला. त्यांनी नको म्हटलं. हंसाबाय म्हणाली, "घ्या, खारट हाय, खाववणार नाय." आता त्या तिघांनाही कळलं होतं. उंच गृहस्थांनी पुडा लगेच आपल्याकडे ओढला.

जूनमध्ये पत्र आलं. जागा मिळाली होती, फीसुद्धा माफ. पावसाळ्यापुरती मासेमारी बंद झाल्यामुळे मनीषाचा बाप घरी होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, "वाईट झालं" म्हणाला आणि पेढे आणायला गेला.

राहिला वसतिगृहाचा खर्च. हंसाबाय आणि बाजारातल्या बारा जणी मिळून भिशी लावतात, आणि जूनची पाळी रेवाबायची होती. तिला घरावर नवे पत्रे घालायचे होते. भिशीच्या बैठकीत हंसाबायने मुलीची जी निंदा केली, ती पुण्यातल्यापेक्षाही जहाल होती असं म्हणतात. तिथे मात्र कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रेवाबायने पैशांची पुरचुंडी तिच्या मांडीवर टाकली. "घे, उधळ. माझं छप्पर तसं पण गळायलाच चांगलं."

ऑगस्ट लागला आणि बोटी पुन्हा सुटल्या. एकाच आठवड्यात नवरा वेरावळला गेला आणि मुलगी पुण्याला. हंसाबाय दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फाटकाशी होती, नेहमीसारखी. मनीषाची खबर अधूनमधून कळे. एका नाटकात तिला झाड केलं होतं. "उभी राहते नुसती," हंसाबाय म्हणाली, म्हणजे झाड उत्तम झालं होतं.

साधारण महिन्याभराने, एका बुधवारी, मासे देऊन झाल्यावरही ती निघेना. टोपलीवरचं फडकं सरळ करत राहिली.

"मास्तरीणबाय, एका माणसाला तांदूळ किती लावायचे?"

मी माशांची ताटली पायरीवर ठेवली.

"भात रोज उरतो," ती म्हणाली. "कुत्र्याला घालते. कुत्रा जाडा झालाय."

मी आतून माझी छोटी स्टीलची वाटी आणली आणि तिच्या हातात दिली. ही एक सपाट, पाणी दोन. हे माप सापडायला मला दोन वर्षं लागली होती, हेही सांगितलं. तोवर मी तुमच्या आईवडिलांना धरूनच भात लावत असे आणि सकाळी फोडणी घालून संपवत असे.

तिने वाटी उलटी-सुलटी करून पाहिली. "इतकुसा?"

"इतकाच."

मग तिने वाटी मला परत दिली, टोपली पायरीवर ठेवली आणि पदर खोचला.

"आज दोन वाट्या लावा," ती म्हणाली. "कालवण मी करते."