सुभेदारांची सिक परेड

"आजारी उजव्या हाताला, दुःखी डाव्या हाताला! चला, फॉलिन!"

सांगलीच्या होस्टेलातली माझी पहिली सकाळ या आरोळीने उजाडली. दात घासत बाहेर आलो, तर व्हरांड्यात खाकी अर्धी चड्डी घातलेले एक उंच गृहस्थ उभे. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. हे आमचे रेक्टर, सुभेदार यादव. साताऱ्याकडचे. पलटणीतून पेन्शनीत निघाले आणि कॉलेजने त्यांना होस्टेलवर नेमलं. पलटणीत रोज सकाळी आजारी जवानांची सिक परेड असते म्हणे. ती त्यांनी जशीच्या तशी आमच्याकडे आणली. दुःखी लोकांची रांग ही मात्र त्यांची स्वतःची भर.

"ताप थर्मामीटरला कळतो. बाकीचं कुणाला कळायचं, गड्या?" असं ते म्हणत.

उजव्या रांगेला पेज मिळे आणि सोंग करणाऱ्याला एरंडेल. पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला एक स्टायलिश मुलगा चाचणीच्या दिवशी पोट धरून उभा राहिला. एरंडेलाची बाटली दिसताच तो इतका खडखडीत बरा झाला, की पेपर सोडवून सगळ्यांआधी बाहेर आला.

डाव्या रांगेचं मला फार कुतूहल. तिथे सुभेदार काहीच विचारत नसत. नापास झालास का, घरी भांडण आहे का, कुणा मुलीने नाही म्हटलं का, काही नाही. फक्त मेसकडे बोट. "जा. कांदा चीर."

ही शिक्षा असावी असं मला वाटे. शेवटी एकदा धीर करून विचारलं, "सर, दुःखावर कांद्याचा काय उपयोग?"

"सर न्हाई, सुभेदार म्हण. अरं, कांदा चिरताना गडी रडला, तर काय झालं म्हणून कुणी इचारत न्हाई. लय सोय हाय."

माझा खोलीसोबती बिरू. कवठे महांकाळकडचा, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला. बाप लहानपणीच गेलेला, आईने कॉलेजपर्यंत पोचवलेला. संक्रांतीनंतर तो रोज डाव्या रांगेत दिसू लागला. मी विचारलं तर म्हणे, "घरची आठवण येतीया." रोज कांदा चिरी, खोकत, डोळे पुसत परते. अंगावरचे कपडे मात्र दिवसेंदिवस ढगळ होत चालले.

एका सकाळी सुभेदार मेसच्या दारात उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या समोरची विळी त्यांनी बाजूला ठेवली.

"कांदा डोळ्याला झोंबतो. छातीला न्हाई. किती दिस झालं खोकतोयस?"

बिरू खालमानेने म्हणाला, "उजव्या रांगंत आलो असतो, तर तुमी घरी धाडलं असतं."

सुभेदारांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून थेट मिरजेच्या दवाखान्यात नेलं. क्षय निघाला.

मग होस्टेलचा रंगच बदलला. काल त्याच्या ताटात जेवलेली पोरं त्याच्या तांब्याला शिवेनात. प्राचार्यांनी सुभेदारांना बोलावलं. मला बिरूची माहिती सांगायला बरोबर नेलं होतं, म्हणून हे मी ऐकलं.

"मुलाला घरी पाठवा," प्राचार्य म्हणाले. "हे कॉलेज आहे सुभेदार, पलटण नव्हे."

"म्हणून तर सांगावं लागतंय, सायेब. आजारी गड्याला टाकत न्हाईत, हे पलटणीत सांगावं लागलं नसतं."

"बाकीच्या मुलांना लागण झाली तर?"

"त्येला माज्या खोलीत ठिवतो. माजं काय, मी व्हरांड्यात झोपंन. सुई टोचायला कंपाउंडर यील. गावी गेला तर औषध बंद पडंल, आन पोरगं हातचं जाईल."

 शेवटी प्राचार्य म्हणाले, "ताटवाटी वेगळी ठेवा."

"ठिवली," सुभेदार म्हणाले.

बिरू त्यांच्या खोलीत गेला. मी खिडकीबाहेर बसून त्याला धडे वाचून दाखवी. सुभेदार त्याला अंडी खायला लावत. माळकरी घरात कधी न खाल्लेलं अंडं बिरू डोळे मिटून गिळी. एका दुपारी तो ट्रंक घेऊन फाटकाशी पोचला. "माज्यापायी तुमी थंडीवाऱ्यात झोपताय," म्हणाला. सुभेदारांनी ट्रंक उचलली. "रजा नामंजूर. चल माघारी," एवढंच बोलले.

वार्षिक परीक्षा हुकली. सुट्टीत सगळे गेले, हे दोघेच राहिले. ऑक्टोबरात बिरू परीक्षेला बसला, तेव्हा त्याच्या गालांवर मांस आलं होतं. शेवटच्या पेपराला त्याची आई न्यायला आली. निघताना तिने सुभेदारांना विचारलं, "आवं सुभेदार, तुमच्या घरी कोण हाय?"

"हाय की. एवढी होस्टेलभर पोरं."

"ती सुट्टीत आपापल्या घरी जात्यात. मग?"

सुभेदार बिरूची ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर बांधू लागले. लग्न केलं नव्हतं. आईबाप गेले तेव्हा ते सरहद्दीवर होते. हे आम्हाला त्याच दिवशी कळलं, तेही तिने खोदून खोदून विचारलं म्हणून.

"मग दिवाळीला आमच्याकडं यायचं," ती म्हणाली. सांगितलं, विचारलं नाही.

मला बहीण नाही, म्हणून मीही गेलो. भाऊबीजेला बिरूच्या आईने अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. सुभेदार इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. कधी गुडघ्यांवर, कधी मांडीखाली. तिने टिळा लावला, अक्षता टाकल्या आणि ताम्हन उचललं.

"दादा, वर बघा की."

त्यांना वर बघवेना. मान खाली घालूनच ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, जरा सावकाश ओवाळ. एवढ्यात संपवू नगंस."

तिने ताम्हन पुन्हा पहिल्यापासून फिरवायला सुरुवात केली.