तापलेला कंप्यूटर

सूनबाईंची चार वाजता मोबाइलवर व्हिडिओ मुलाखत होती आणि सकाळपासून कंप्यूटर ऐकायला तयार नव्हता. लेकीसाठी नोकरी सोडल्यानंतर आलेली ही पहिलीच संधी. मुलाखतीत कंटेनरचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं, आणि ते कंप्यूटरवर चढतच नव्हतं. दर वेळी अर्ध्यावर कंप्यूटर ठप्प!

ठप्प करत होते सासरे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांची सगळी हयात पाण्याच्या पंपांवर गेली. तिथला नियम एकच: मोटर तापली, आवाज चढला, की बंद करा. निवृत्त झाले ते सासरे; त्यांचा हात अजून कामावरच होता. घरातला मिक्सरसुद्धा त्यांच्या धाकात असे. सॉफ्टवेअर चढू लागलं की कंप्यूटरचा पंखा घोंघावे, आणि सासरे जाता जाता भिंतीवरचं बटण बंद करून पुढे जात.

"बाबा, तुम्ही?" शेवटी सूनबाईंनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"अगं, तापलं होतं ते! जळलं असतं म्हणजे?"

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठं?"

दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. सूनबाईंनी खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवलं. "बाबा, तुमचा एक पंप बिघडला तर बाकीचे बंद पडायचे?"

"छे! ज्याचं त्याचं स्विच वेगळं."

"तसंच हे. प्रत्येक काम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात. एक पडलं तरी बाकीची चालू. आणि पडलेलं आपलं आपण उठतं."

"माणूस न पाठवता?" सासरे थक्क झाले. "आमच्या वेळी मीच धावायचो गं!" पोरगी हुशार आहे हे त्यांना ठाऊक होतं, एवढी हुशार आहे हे आज कळलं.

चार वाजता सासरे दाराशी, त्या बटणाजवळच, पेपर घेऊन बसले. सॉफ्टवेअर एकदाचं चढलं होतं, मुलाखत झकास चालली होती. तेवढ्यात पंखा घोंघावला. सासऱ्यांनी दात आवळले, देवाचं नाव घेतलं, पण हात कधी उठला ते त्यांनाही कळलं नाही.

कंप्यूटरचा पडदा काळाठिक्कर.

"काय झालं?" मोबाइलवरच्या मॅडमनी विचारलं.

"वीज गेली, मॅडम."

"तुमच्या मागे दिवा चालू दिसतोय."

सूनबाईंनी खरं सांगून टाकलं. "कंप्यूटर सासऱ्यांनी बंद केला, मॅडम."

सासऱ्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. कंप्यूटर जागा झाला, आणि एकेक कंटेनर आपला आपण उठून कामाला लागला.

"तुम्ही तर हातही लावला नाहीत!" मॅडम म्हणाल्या.

"दुपारी तशीच सोय करून ठेवली, मॅडम. घरात बाबा आहेत ना!"

मॅडम पोटभर हसल्या. "सोमवारपासून या."

संध्याकाळी सूनबाईंनी हाक मारली, "बाबा, नवीन काम बसवलंय. जरा बटण बंद करता? उठतंय का बघू."

सासरे बटणापर्यंत गेले. पंखा घोंघावतच होता. त्यांनी हात मागे घेतला.

"नको गं," ते म्हणाले. "किती छान चाललंय तुझं. चालत्या गाडीला खीळ कशाला घालू?"