टिपणीसकाकांचा विसरलेला डबा

जपानमध्ये वस्तू हरवणं महाकठीण आहे. विश्वास बसत नसेल तर आमच्या टिपणीसकाकांना विचारा. गेली दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एक स्टीलचा डबा हरवायचा प्रयत्न करताहेत, आणि दर वेळी कुणीतरी सज्जन जपानी माणूस तो धावत आणून त्यांच्या हातात देतो.

काका ग्योतोकुला माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एका ट्रेडिंग कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. माणूस तिरसट. लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार वगैरे भानगड नाही. "काल प्लास्टिकच्या कचऱ्यात काचेची बाटली कुणी टाकली रे? तूच असणार." मी बँकेतला साधा कर्मचारी. पुण्याचा, शाकाहारी आणि मोठ्यांना नाही म्हणायची हिंमत नसलेला. यातला तिसरा गुण काकांनी बरोबर हेरला.

"जोशा, रविवारी साडेअकराला तयार राहा. ब्रंचला जायचंय."

निहोनबाशीला एका उंच इमारतीत अगदी वर एक क्रिओल रेस्टॉरंट आहे. क्रिओल म्हणजे न्यू ऑर्लिन्सकडचं जेवण, सगळा कोळंबी-खेकड्यांचा कारभार. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, तीन-तीन ग्लास, आणि रविवारी जेवताना जॅझ. त्या दिवशी एकट्याला टेबल मिळत नाही, किमान दोन माणसं लागतात. ते दुसरं माणूस मी. अख्ख्या मेनूत मला चालण्यासारखं काय, तर पाव आणि सॅलड. दोन वर्षं मी त्या थाटात बसून पाव आणि सॅलड खातोय.

काका मात्र सगळं मागवतात आणि सगळ्याला नावं ठेवतात. गंबो नावाचं सूप आलं की चमच्याने ढवळून म्हणतात, "आपल्याकडे ह्याला भेंडीचं कालवण म्हणतात. फक्त आपण ते पाहुण्यांना वाढत नाही." ग्रिट्स आले की, "आपल्याकडे ह्याला कण्या म्हणतात. आजारी माणसाला देतात." आणि जांबालाया नावाचा भात आला की काका चमचा खाली ठेवतात. "ही सोड्याची खिचडी. पण सोडे कुठायत? सोडे नाहीत तर मग कशाला हा खटाटोप?" (सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, हे मला शाकाहाऱ्याला काकांनीच शिकवलं.) वेट्रेस हसून वाकते. तिला वाटतं, गिऱ्हाईक खूश आहे.

जॅझबद्दल तर बोलायलाच नको. "पिपाणी" हा एकच शब्द. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, जेवण आवडत नाही, वाजवणं आवडत नाही, मग इथे येऊन माझा रविवार कशाला नासवता?" त्यांनी फक्त मान वळवून ट्रंपेट वाजवणाऱ्या मुलाकडे बघितलं, आणि मग मलाही दिसलं. तेच कपाळ, तेच बाहेर आलेले कान.

मुलगा मिहीर. दोन वर्षांचा असताना इथे आला, इथल्याच शाळेत शिकला. आईवडील मराठीत बोलायचे आणि हा जपानीत उत्तरं द्यायचा. चांगली नोकरी लागली होती, ती सोडून ट्रंपेट वाजवायला लागला. त्याने घरी हे सांगितलं, तेव्हा तिघं जेवायला बसले होते. काका म्हणाले, "पिपाणी वाजवणाऱ्याला माझ्या घरात अन्न मिळणार नाही." मिहीरने तोंडातला घास गिळला, चमचा ताटाच्या कडेला ठेवला, "गोचिसोसामा" म्हणजे जेवण छान झालं असं रीतसर म्हणाला आणि निघून गेला. त्याला तीन वर्षं झाली. काकूही नंतर आजारी आईपाशी ठाण्याला गेल्या आणि तिथेच राहिल्या. यात आईचं आजारपण किती आणि काकांवरचा राग किती, ते मी विचारलेलं नाही.

तर त्या डब्यात सोड्याची खिचडी असते. सोडे काकू ठाण्याहून पाठवतात. काका सकाळी, म्हणजे ठाण्याच्या पहाटे, काकूंना फोनवर विचारत विचारत ती करतात आणि शाळेच्या सहलींना मिहीर जो डबा न्यायचा त्यातच भरतात. झाकणावर 'चि. मिहीर' असं नावही घातलेलं आहे.

मी सांगून बघितलं, "काउंटरवर द्या ना सरळ. मिहीर-सानना द्या म्हणावं."

"आणि तो चारचौघांत नको म्हणाला तर?"

म्हणून हा हरवायचा उद्योग. आपण डबा विसरायचा, मिहीरला तो दिसायचा, त्याने ओळखायचा, खायचा. कुणी कुणाला काही दिलं नाही, कुणी कुणाकडून काही घेतलं नाही. योजना उत्तम, देश चुकीचा. टेबलाखाली ठेवला तर वेटरने स्टेशनच्या गेटपर्यंत धावत येऊन दिला. कोट टांगायच्या कपाटात मागे ठेवला तर संध्याकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी बर्फात गुंडाळून, माफीच्या चिठ्ठीसकट कुरिअरने घरी. माफी कसली, तर विसरल्याचं वेळेवर लक्षात आलं नाही याची. मी पोट धरून हसलो होतो. काकांनी ती खिचडी गरम करून एकट्याने खाल्ली, हे मला नंतर कळलं.

या महिन्यात तर अति झालं. तिथे वादक मधेमधे टेबलांपाशी येऊन वाजवतात. आजवर आमचं टेबल कोपऱ्यातलं, त्यामुळे वाचलो होतो. या वेळी मधलं टेबल मिळालं आणि मिहीरसकट तिघं वादक थेट समोर उभे राहिले. बॅन्जोवाल्या म्हाताऱ्याने काय ऐकणार असं विचारलं. काकांनी मेनूत डोकं घातलं आणि म्हणाले, "ह्यांना विचारा." मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, काहीही. मिहीर आमच्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघत वाजवत होता. काकांनी एकदाही वर बघितलं नाही. टेबलाखाली त्यांचा पाय मात्र ताल धरून होता, आणि तो चुकत नव्हता.

निघताना काकांनी धाडस केलं. वादकांच्या मंचाशेजारी एका खुर्चीवर ट्रंपेटची पेटी होती. तिच्यावरच डबा ठेवला आणि पाठ फिरवली. दारातून आम्ही दोघांनी बघितलं. मिहीर आला. डबा उचलला. झाकणावरून त्याने अंगठा फिरवला. काकांनी माझं मनगट धरलं, ते अजून दुखतंय.

आम्ही लिफ्टपाशी मुद्दाम रेंगाळलो. मागून पावलं आली. मिहीरच होता. दोन्ही हातांत डबा, कमरेतून वाकलेला.

"ओक्याकुसामा, ओ-वासुरेमोनो देस." गिऱ्हाईक महाराज, आपली वस्तू राहिली.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. कुठल्याही परक्या माणसाला देतात तेवढा आदर होता, काठोकाठ. काकांनी दोन्ही हातांनी डबा घेतला आणि त्याच्यापेक्षा जास्त वाकले. "आरिगातो गोझाइमास." आभारी आहे. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मिहीर वाकलेलाच होता. तशी पद्धत आहे इथे. दार लागेपर्यंत त्याचा चेहरा आम्हाला दिसला नाही.

स्टेशनवर काकांनी डब्याची पिशवी माझ्याकडे दिली आणि बाकावर बसून ठाण्याला फोन लावला. म्हातारपणामुळे फोनचा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे काकूंचं मलाही ऐकू आलं.

"खाल्ली का हो त्याने?"

काकांनी समोरच्या रुळांकडे बघितलं.

"खाल्ली ना. डबा पुसून खाल्ला. तिखट जरा जास्त झालं म्हणाला."

काकू म्हणाल्या, "मराठीत म्हणाला?"

"हो," काका म्हणाले. "मराठीत."

गाडी आली. मी भरलेली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि काकांना उठायला हात दिला.