नंबरवाले नाना

सोपाननाना अनवाणी दिसले तर आमच्या गल्लीत कुणी विचारत नसे, की नाना, चपला चोरीला गेल्या का? त्या कुठल्या तरी रांगेत उभ्या असणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. चपला दवाखान्यापुढे नंबर धरून, दळणाचा डबा गिरणीत, डोक्याचा रुमाल बँकेच्या पायरीवर, आणि नाना स्वतः मोकळ्या डोक्याने, मोकळ्या पायाने धारूरच्या बाजारात फिरत असायचे. एखाद्या दिवशी कामं जास्त निघाली तर सदराही कुठेतरी नंबरला लावून येतील, अशी मला धास्ती वाटायची.

माझं ब्लाऊज शिवायचं दुकान दवाखान्याच्या अगदी समोर. मशीनवरून मान वर केली की दवाखान्याच्या दारातली चपलांची ओळ दिसायची. रीतच होती ती. दवाखाना उघडायच्या आधी यायचं, चपला ओळीत काढून ठेवायच्या आणि खुशाल चहाला जायचं. माणूस नसला तरी चपला त्याचा नंबर राखायच्या. चपला नसतील तर वीट, पिशवी, बाटली, काहीही चालायचं. या राज्याचे कायदे मात्र नानांचे. एकदा कुत्र्याने एका म्हातारीची एक चप्पल पळवली. तिच्या मागचा गडी लगेच म्हणाला, हिचा नंबर गेला. नानांनी उभ्या उभ्या निकाल दिला, "एक चप्पल गेली म्हून म्हातारी अर्धीच आजारी हाय का बे? नंबर पुरा!"

'नंबर' हा नानांचा शब्द. इंग्रजांनी तो मोजण्यापुरता वापरला असेल, नानांनी त्यावर अख्खा संसार मांडला. चहा जमला की "एक नंबर". पुढारी भाषणाला उभा राहिला की, हळूच, "दोन नंबर". पोरगं दिसलं की "कितवा नंबर आला रं?" आणि त्याच्या आईला, "तू डोळं बारीक कावून करती? चष्म्याचा नंबर वाढला आसंल, दाखवून घे." बांधावरून भांडण लागलं की "गट नंबर काढा ना, तोंडं कशाला काढता?" कुणाच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तर तिचा नंबर लागला, आणि एखादं पिकलं पान गळालं तरी "लागला बिचाऱ्याचा नंबर". शेजारच्या नव्या सुनेबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "पोरगी पहिल्या नंबरची गुणी हाय, पण त्या घरात सासूचा नंबर आधी लागतो." इतके अर्थ, पण ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ झाला नाही.

तरुणपणी नाना जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर जायची, आणि ज्याचे बैल दांडगे तो मध्ये घुसायचा. तिथे नानांनी गाड्यांना नंबर लावायला सुरुवात केली. नोकरी संपली, पण जित्याची खोड, ती काय जाते?

एकदा एका पुढाऱ्याचे मेहुणे दवाखान्यात आले. कपडे पांढरे, बूटही पांढरे. त्यांनी ते बूट सरळ ओळीच्या तोंडाशी, एका मेंढपाळाच्या टायरच्या चपलांपुढे काढले. मेंढपाळ बिचारा घोंगडी सावरत मागे सरकला. नाना उठले. देवाची पालखी उचलावी तसे त्यांनी ते बूट दोन्ही हातांनी उचलले आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवले.

"मला ओळखलं न्हाई काय तुमी?" मेहुणे कडाडले.

"लई चांगलं ओळखलं. तुमच्या बुटाला मान हाय साहेब, पण नंबर न्हाई."

माझी मशीन थांबली. अख्खा रस्ता थांबला. मेहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाकावर बसले. नानांनी लगेच त्यांना चहा आणून दिला. "घ्या, एक नंबर हाय." असा माणूस माझ्या दुकानासमोर उठतो-बसतो याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि त्या नादात मी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

पण नाना स्वतः ठणठणीत, मग रोज दवाखान्यात नंबर कशाला? हे मला फार उशिरा उमगलं. डोंगरातल्या गावांची पहिली एसटी उशिरा येते. तोवर गावातल्यांच्या चपलांनी ओळ भरून जायची. म्हणून नाना सकाळीच ओळीत आपल्या चपला, एखादी वीट, एखादा रिकामा डबा मांडून ठेवायचे. गाडीतून कुणी खोकत, कण्हत उतरलं की हाक मारायचे, "या माय, तुमची वीट हुभी हाय पुढं!" उतरणाऱ्याची नि त्यांची ओळख ना पाळख. बाई बावरून विटेजवळ जाऊन उभी राहायची.

मग म्हातारे डॉक्टर घरी बसले आणि त्यांची लेक दवाखाना बघू लागली. हुशार, कामसू पोरगी. दारातली गर्दी कमी व्हावी म्हणून तिने मोबाईलवर नंबर लावायची सोय केली. बघता बघता चपलांची ओळ संपली. गावातले लोक अंथरुणातूनच नंबर लावू लागले. एसटीने येणाऱ्यांचा नंबर शेवटी लागायचा, आणि तोवर त्यांची परतीची गाडी निघून जायची.

नाना चपला घालून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसू लागले. चहा दिला तर नुसता पिऊन टाकत, त्याला नंबरही देत नसत. मला ते बघवेना.

"डॉक्टरीणबाईंशी भांडा की नाना," मी म्हटलं.

"कशाला? पोरगीचं बरुबर हाय. पण गाडीतून उतरनाऱ्यानं काय करावं? माझी वीट मोबाईलला दिसत न्हाई गं माय."

आठवडाभराने एका सकाळी, मी दुकान झाडत असतानाच, ते आले. "तुझ्या मोबाईलवरून एक नंबर लाव."

"तुम्हाला काय झालं?"

"मला काय धाड भरलीय? गाडीतून कुनीतरी येईलच की."

मी मोबाईल काढला. "नाव काय टाकू?"

"वीट टाक."

"विटेला ताप येत नाही, नाना. माणसाचं नाव लागतं."

नाना रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पारबती टाक. पारबती सोपान."

पार्वतीकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. नानांच्या घरात चूल पेटते ती एका माणसापुरती. मी नाव टाकलं. पुढे वय विचारलेलं होतं.

"वय, नाना?"

"गेली तवाचंच टाक."

तेव्हापासून रोज सकाळी पार्वतीकाकूंचा नंबर लावायचा, हे माझं पहिलं काम झालं. गाडीतून जो जास्त आजारी उतरेल तो त्या दिवशीची पार्वती. एकदा 'पार्वती सोपान' म्हटल्यावर झुपकेदार मिशांचा एक धनगर उठला आणि सगळा दवाखाना खो खो हसला. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई पेशंटचं खरं नाव विचारून लिहून घेतात. त्यांना सगळं माहीत आहे. एवढ्या दिवसांत त्यांनी ते नाव कधी काढून टाकलं नाही, म्हणून मला त्या फार आवडतात.

परवा घाटात एसटी बंद पडली. डोंगरातून कुणीच आलं नाही. मी शिवलेले ब्लाऊज द्यायला दवाखान्यात गेले होते. नाना बाकावर कडेला बसले होते, शेजारची जागा मोकळी. कंपाउंडर बाहेर आला.

"पार्वती सोपान!"

कुणी उठलं नाही. आता नाना म्हणतील, पुढचा घ्या. रांग खोळंबलेली या माणसाला उभ्या जन्मात खपली नाही.

"पार्वती सोपान! हायत का?"

पण नाना ताठ बसले. त्यांची नजर दाराकडे होती.

"हाय, हाय," ते म्हणाले. "येतीय. आजून एकदा हाक मारा."

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने पुन्हा, पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने, हाक मारली.