आधी उलटी बाजू दाखवा

शांतानं आणि मी शेवटचं नेहमीसारखं काय केलं असेल, तर मनीषनगरातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांचं डोकं खाल्लं. खाल्लं तिनं, मी नुसता पिशवी धरून बसलो होतो. भिंतीवर नोकरी लागलेल्या पोरापोरींचे फोटो होते. सरांनी ते कौतुकानं दाखवले. शांतानं चष्मा पुसला, एकेक फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे झाले. आता ज्यायले नाही लागली, त्यायचे दाखवा."

बायको माझी कोष्ट्याची. बापाच्या घरी माग होता. गाठी आणि तुटके धागे मागच्या बाजूला असतात म्हणून कापड हातात आलं की ती पहिले पालथं करायची. दुकानदार पदर मिरवत राहायचा आणि ही साडी ओढून उलटी पसरायची. लग्नाआधी तिला संधी मिळाली नाही, नाहीतर मलाही पालथं घालून पाहिलं असतं.

मयूरी आमची नात, लेकीची पोर. आई गेल्यापासून आमच्याकडेच. बी.ए. झाली. कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर अडले की फोनवर सांगून नाहीतर जाऊन चालू करून देतात, तशी नोकरी तिला पाहिजे होती. त्यासाठी कोणता कोर्स करायचा ते शांतानं आपल्या अंगावर घेतलं. शाळा तिची चौथीपर्यंत, माझी त्याहून एक कमी. पण भलत्या क्लासात पोरीचं वर्ष वाया गेलं, तर दुसरं वर्ष द्यायला आपण दोघं राहू का, हे ती मला तोंडावर विचारायची.

सहा क्लास तिनं नापास केले. एक सर म्हणाले, सहा महिन्यांत हॅकिंगसकट सगळं शिकवतो. ही म्हणाली, आधी बिघडलेली मशीन खोलू द्या. दुसरीकडे मशीन होत्या, पण तिनं बोट फिरवून सरांना धूळ दाखवली. तिसऱ्यांनी चहा पाजला. ती चहा पिऊन उठली.

मी वैतागलो. "काहून सगळ्यायचं डोकं खाऊन राहिली वं?"

"तुम्ही पिशवी धरा," ती म्हणाली.

मनीषनगरचे सर मात्र चिडले नाहीत. मागच्या वर्षीच्या, नोकरी न लागलेल्या एका सावनेरच्या पोरीला त्यांनी फोन लावून दिला. शांतानं तिला अर्धा तास सोडलं नाही. पोर म्हणाली, मशीन खोलायला, जोडायला माझ्या हातात दिली, नेटवर्किंग पक्कं झालं, पण मुलाखतीत तोंडच उघडलं नाही. मग बोलायचं कोण शिकवणार, असं शांतानं सरांना विचारलं. सर म्हणाले, तिथं आमचं चुकलंच; यंदा रोज तासभर एकमेकांना फोन करून अडचण सोडवायला लावतो. सिक्युरिटीचा मोठा कोर्स आत्ताच घेऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं. शांतानं मान हलवली. ठरलं.

परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "शिकली का जाईन पोरगी पुण्याले, नोकरीले."

सहाचे सहा क्लास खरंच वाईट होते, की एखाददुसरा तिनं उगाच नापास केला, हे मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी शांता गेली. छातीत दुखते म्हणाली, आणि गेली.

तेरवी झाली त्या संध्याकाळी मयूरीनं सांगितलं, उद्यापासून क्लास आहे पण मी जात नाही. "आबा, तुमचं जेवण कोण करन?"

"तुह्या आजीनं उन्हात सात क्लास पाहिले, ते माह्या जेवणासाठी का?"

ती रडली, पण ऐकलं नाही. आजीवरच गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला. भात खाली लागला. वांग्याच्या भाजीत मीठ राहिलं. मयूरी उठून आली तेव्हा ताट घेऊन तिच्यासमोर बसलो आणि वाढलेलं सगळं खाल्लं, करपलेलंही. मग उरलेलं डब्यात भरून तिच्या हातात दिलं, चप्पल घातली आणि बस स्टॉपच्या रस्त्यानं तिच्या पुढे चालू लागलो.